इंटरलागोस २०१२: भुरभुर पाऊस, कोरडे टायर आणि हल्केनबर्ग

पिटवरून

फॉर्म्युला वनच्या (एफ-वन) सिल्व्हरस्टोन शर्यतीत जुलै २०२५ मध्ये नीको हल्केनबर्ग तिसरा आला, २३९व्या शर्यतीत पहिलं पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांत जागा. त्यावर शेजारच्या धाग्यात कुणीतरी लिहिलंय, "पावसात काय, कुणाचीही लॉटरी लागते." तिथे भांडत बसण्यापेक्षा वेगळा धागा काढतो. पाऊस-ऊन-पाऊस चाललेल्या शर्यतीत नशीब असतंच. पण ज्याला नशीब म्हणतात त्यातला बराचसा भाग एखाद्या फेरीत कुणीतरी घेतलेला निर्णय असतो, आणि तो दाखवायला याच हल्केनबर्गची एक जुनी शर्यत पुरेशी आहे. २५ नोव्हेंबर २०१२, ब्राझीलमधल्या साओ पावलोचा इंटरलागोस ट्रॅक. आपल्याकडे रविवारची रात्र होती, साडेनऊला सुरू झालेली.

त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष अर्थातच फेटेल आणि अलोन्सोवर. विजेतेपदासाठी दोघांत चुरस, फेटेलचे २७३ गुण, अलोन्सोचे २६०, मोसमाची शेवटची शर्यत. पहिल्याच फेरीत चौथ्या वळणावर फेटेल ब्रुनो सेन्नाला आपटला आणि तोंड उलट्या दिशेला करून थांबला. समोरून अख्खा ताफा अंगावर येतोय आणि हा मध्ये उभा. डाव्या बाजूला मागे गाडी चेपलेली. तिथून तो सहावा आला आणि तीन गुणांनी विजेतेपद घेऊन गेला, २८१ विरुद्ध २७८. या कहाणीवर भरपूर लिहून झालंय, म्हणून ती इथेच सोडतो.

माझं लक्ष होतं सहाव्या जागेवरून सुटलेल्या हल्केनबर्गच्या फोर्स इंडिया टीमच्या गाडीकडे. सुरुवात झाली ती भुरभुर पावसात, सगळे कोरड्या टायरवर. भुरभुर वाढली. आठव्या-नवव्या फेरीपासून एकेक जण आत पिटमध्ये वळून इंटर, म्हणजे पावसाचे एक प्रकारचे टायर, चढवायला लागला. हॅमिल्टन, अलोन्सो, वेबर, सगळे. बाहेर राहिले दोनच, बटन आणि हल्केनबर्ग.

आता त्या क्षणी कॉकपिटमधून काय दिसतं ते बघा. हेल्मेटच्या काचेवर थेंब आहेत. कर्ब आणि पांढरे पट्टे साबण लावल्यासारखे. पण गाड्या ज्या रेषेवरून जातात ती रेषा पूर्ण ओली झालेली नाही, आणि पुढच्या गाडीमागे पाण्याचा फवारा उठत नाहीये. दोघांनी ठरवलं, थांबू. काही फेऱ्यांत भुरभुर मंदावली, आणि इंटर चढवलेल्यांचे टायर तापून सोलवटायला लागले. त्यांना परत आत जाऊन स्लिक, म्हणजे कोरडे टायर, घ्यावे लागले. म्हणजे एकेकाचे दोन थांबे फुकट. आणि हल्केनबर्ग बटनला मागे टाकून पहिल्या क्रमांकावर! तिसऱ्यापासून या दोघांचं अंतर ४० सेकंदांच्या वर गेलं होतं.

मग ट्रॅकवरचे तुकडे उचलायला २३व्या फेरीत सेफ्टी कार आली, सगळ्यांना आपल्यामागे हळू, एका रांगेत चालवणारी गाडी. कमावलेलं अंतर शून्य. मला वाटलं संपलं. पण नाही, पुन्हा सुरू झाल्यावर मागे मॅकलारेन असताना हा पठ्ठ्या पुढेच. एकूण ३० फेऱ्या त्याने शर्यतीचं नेतृत्व केलं. ४८व्या फेरीत ओल्या भागावर मागचं टोक निसटलं, अर्धी गिरकी, हॅमिल्टन पुढे. काही फेऱ्यांनी हल्केनबर्ग पहिल्या वळणावर आतून घुसायला गेला, गाडी घसरली आणि थेट हॅमिल्टनला लागली. हॅमिल्टनची मॅकलारेनमधली शेवटची शर्यत तिथेच संपली. हल्केनबर्गला ड्राइव्ह-थ्रू शिक्षा झाली (पिटमधून हळू जाऊन यायचं), शेवटी पाचवा.

या पाचव्या क्रमांकाकडे तुम्ही कसं बघता? मी तरी म्हणेन की त्या दिवशी ट्रॅक सगळ्यात चांगला वाचला तो हल्केनबर्ग आणि बटनने, आणि बटन जिंकला हा योगायोग नव्हता.

---

गोदावरी

वाचतेय. सुरेख लिहिलंय. एक बाळबोध शंका: इंटर म्हणजे नक्की काय? पावसाचा टायर तो पावसाचा टायर. मग त्यात दोन प्रकार कशाला?

---

मंदार_ठाणे

गोदावरीताई, बाळबोध अजिबात नाही, सगळी गंमत त्यातच आहे.

स्लिकवर खाचा नसतात. कोरड्या रस्त्यावर पूर्ण रबर टेकतं म्हणून पकड जबरदस्त, पण पाणी बाहेर टाकायला वाट नाही. पाण्याचा थर साचला की टायर त्यावर तरंगतो आणि मग स्टिअरिंग फिरवा, ब्रेक मारा, काही होत नाही. पूर्ण पावसाळी टायरला, निळ्या पट्टीवाल्याला, खोल खाचा. हल्लीचा तो टायर ताशी ३०० किमीला सेकंदाला ८५ लिटर पाणी फेकतो असं पिरेली सांगते. इंटर मधला, हिरव्या पट्टीचा, साधारण ३० लिटर.

मग कायम जास्त खाचांचाच का नाही लावायचा? कारण खाचांमधले रबराचे ठोकळे कोरड्यावर वळवळतात, तापतात आणि सोलून निघतात. म्हणून ट्रॅक सुकायला लागला की ड्रायव्हर सरळ पट्ट्यावर मुद्दाम रेषा सोडून ओल्यात गाडी घालतात, टायर गार करायला. टीव्हीवर कधी दिसलं की गाडी विनाकारण कडेने चाललीय, तर ते हेच.

उलट बाजूही आहे. स्लिकला पकड यायला उष्णता लागते. पाऊस टायर गार करतो, गार टायरने पकड जाते, पकड नाही म्हणून ड्रायव्हर हळू जातो, हळू गेलं की टायर आणखी गार. एकदा या चक्रात सापडलात की सुटका नाही. म्हणून भुरभुरीत स्लिकवर राहायचं तर वेग कमी करून चालत नाही. हल्केनबर्ग आणि बटनने ते केलं, त्याला धाडसच म्हणायला हवं.

---

जुना भिडू

पिटवरून, लेख आवडला, पण एक मुद्दा तुम्ही सोडलात. ड्रायव्हर बाजूला ठेवा, टीम बघा.

फोर्स इंडिया म्हणजे मुळात जॉर्डन. सिल्व्हरस्टोनच्या दारातला तोच कारखाना. जॉर्डन, मिडलंड, स्पायकर, फोर्स इंडिया, रेसिंग पॉइंट आणि आता अ‍ॅस्टन मार्टिन. पाट्या बदलल्या, जागा तीच. आणि या जागेचं पावसाशी काहीतरी आहे राव.

१९९८, स्पा: जॉर्डनचा पहिला विजय, डेमन हिल पहिला आणि राल्फ शूमाकर दुसरा, धो धो पावसात.

२००३, इंटरलागोस: जॉर्डनचा फिसिकेला. तिसऱ्या वळणावर ट्रॅकवरून ओढा वाहत होता, मायकेल शूमाकर, मोंटोया, बटन सगळे तिथे जाऊन आदळले. त्या वर्षी नियमाने पावसाचा एकच प्रकारचा टायर आणता यायचा, त्यामुळे सगळे इंटरवर. जॉर्डनने सुरुवातीच्या सेफ्टी कारमध्येच इंधन भरून घेतलं आणि पुढे वाट बघत बसले. लाल झेंडा आला, म्हणजे शर्यत थांबवली, तेव्हा फिसिकेला पुढे होता. आधी रायकोनेनला विजेता ठरवलं, मग फेऱ्यांची मोजणी चुकल्याचं निघालं आणि करंडक पुढच्या शर्यतीला इमोलात फिसिकेलाच्या हातात आला.

आणि माझं सगळ्यात लाडकं, २००७, न्युर्बुर्गरिंग. मार्कुस विंकेलहॉक, आयुष्यातली पहिली आणि एकमेव एफ-वन शर्यत, स्पायकर, ग्रिडवर, म्हणजे सुटण्याच्या रांगेत, सगळ्यात शेवटी. वॉर्म-अप फेरीच्या शेवटी टीमने त्याला आत बोलावून पावसाचे टायर चढवले. बाकी सगळे स्लिकवर सुटले, आणि पहिल्याच फेरीत आभाळ फाटलं. पुढची फेरी संपेस्तोवर विंकेलहॉक पहिला! अंतर ३० सेकंदांहून जास्त. पहिल्या वळणावर बटन, रॉसबर्ग, हॅमिल्टन, सुटिल, लिउझ्झी एकामागून एक वाळूत. लाल झेंडा, पुन्हा सुरुवात, आणि एकाच शर्यतीत एकदा शेवटून तर एकदा सगळ्यात पुढून सुटण्याचा मान याला. १३व्या फेरीत हायड्रॉलिक्स गेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टीम विकली गेली आणि फोर्स इंडिया झाली.

माझं म्हणणं, ही लहान टीमची रीत आहे. शेवटून सुटणाऱ्याने दहाव्या नंबरसाठी शहाणपणा करून काय मिळणार? सगळ्यांपेक्षा उलटं करायचं. जमलं तर पेपरात नाव, नाही जमलं तर तसेही शेवटीच होतो. त्यामुळे २०१२च्या गोष्टीत मला हल्केनबर्गपेक्षा पिटवॉल, म्हणजे पिटच्या भिंतीशी बसून निर्णय घेणारी टीमची माणसं, जास्त दिसते.

---

पिटवरून

जुना भिडू, वा! जॉर्डनची ही वंशावळ डोक्यात होती पण अशी एका ओळीत मांडली नव्हती.

तरी पूर्ण सहमत नाही. विंकेलहॉकचं बरोबर, तो पिटवॉलचा जुगार. पण २०१२ मध्ये फोर्स इंडिया शेवटची नव्हती, हल्केनबर्ग पहिल्या पाचात होता, म्हणजे गमावण्यासारखं होतं. आणि त्याच टीमचा दुसरा ड्रायव्हर, डी रेस्टा? तीच गाडी, तीच पिटवॉल. शर्यत संपता संपता भिंतीवर आदळला, आणि त्यामुळेच शेवट सेफ्टी कारमागे झाला. पिटवॉललाच श्रेय द्यायचं तर दोघांना सारखं मिळायला हवं होतं.

शिवाय याच ट्रॅकवर दोन वर्षं आधी, २०१० मध्ये, हल्केनबर्गने विल्यम्स टीममधून पोल, म्हणजे सगळ्यात पुढून सुटण्याची जागा, घेतला होता. ट्रॅक सुकत होता, शेवटच्या मिनिटांत स्लिक घेतले आणि दुसऱ्यापेक्षा सेकंदाहून जास्त फरकाने पोल. रेड बुलला मागे टाकून! तेव्हा तर टीमही वेगळी होती.

---

तेजू

माझा फेवरिट अलोन्सो असल्याने ही शर्यत आठवली की अजून पोटात कालवाकालव होते. 😭 फेरारीतल्याच मासाने जागा सोडून त्याला दुसरा येऊ दिलं, पण पुढे बटन. तो जिंकला असता तर २८५ विरुद्ध २८१.

आणि पिवळ्या झेंड्याचं काय? तो असताना ओव्हरटेक करायचं नसतं. फेटेलने चौथ्या फेरीत व्हर्नला पिवळ्याखाली ओव्हरटेक केलं असं व्हिडिओत दिसत होतं ना?

---

मंदार_ठाणे

तेजू, तो वाद मिटलाय. व्हिडिओत पिवळा दिवा दिसतो, पण त्याच्या पुढे एक मार्शल हिरवा झेंडा हलवत उभा आहे. फेरारीने पत्र लिहून विचारलं, एफआयएने (खेळाच्या नियामक संस्थेने) उत्तर दिलं की ओव्हरटेक नियमात होतं. अंधूक उजेड, पाऊस, ऑनबोर्ड कॅमेरा, त्यात काय काय दिसतं!

फेटेलच्या नशिबाची बाजू सांगायची तर त्याचा रेडिओ बंद पडला होता. कोरडे टायर घ्यायला आत आला, बाहेर पडला तर पाऊस वाढला. इंटरसाठी पुन्हा आला तर मेकॅनिक टायर घेऊन तयारच नाहीत. तरी जिंकला. उलट अलोन्सोचं सगळं जागच्या जागी होतं, फक्त गाडीत वेग नव्हता.

---

घाटवळण

या शर्यतीतला एक माणूस राहिला, रायकोनेन. घसरून बाहेर गेला, तिथे एक जुना रस्ता दिसला. साहेब निवांत त्यावरून निघाले, पुढे जाऊन बघतात तर फाटक बंद! गाडी वळवून परत. शर्यतीनंतर त्याने सांगितलं की २००१ मध्ये तो इथूनच गेला होता आणि तेव्हा फाटक उघडं होतं. 😂 एवढं करून दहावा, एक गुण खिशात. त्या अख्ख्या मोसमात एकही शर्यत अर्धवट सोडली नाही पठ्ठ्याने.

अवांतर: नारायण कार्तिकेयनचीही ही शेवटची एफ-वन शर्यत. एचआरटी टीममधून १८वा. ती टीमही इथेच संपली. भारतीय झेंड्याची गाडी पुढे आणि भारतीय ड्रायव्हर सगळ्यात मागे, एकाच शर्यतीत. तेव्हा भारतातल्या बुद्ध सर्किटची शर्यत होऊन महिनाच झाला होता, काय दिवस होते.

---

गोदावरी

मंदार, आता कळलं. पण मग पुढचा प्रश्न. एवढी रडार, एवढे हवामानवाले टीमकडे असताना थांबायचं की नाही हे ड्रायव्हरवर का सोडतात?

---

अक्षांश

माझा रोजचा धंदा हवामानाच्या डेटाचा आहे म्हणून दोन पैसे टाकतो.

रडारवर ढगातलं पाणी दिसतं, डांबरावरचं नाही. सर येणार आहे, चार मिनिटांत येणार आहे, इथवर बरंच नीट सांगता येतं. पण तीच सर ४.३ किलोमीटरच्या ट्रॅकच्या एका टोकाला जोरात आणि दुसऱ्या टोकाला नावालाच पडू शकते. इंटरलागोस तर दोन मोठ्या तलावांच्या मध्ये, दुपारी ढग डोक्यावर उभे राहतात. शिवाय प्रश्न पाऊस पडतोय का हा नसतोच. प्रश्न असतो, आत्ताच्या टायरवर फेरीला किती सेकंद जातायत आणि दुसऱ्यावर किती जातील. पिटमध्ये जाऊन यायला साधारण २० सेकंद लागतात. इंटर फेरीला दोन सेकंद जलद असला तर खर्च भरून यायला १० फेऱ्या. सर पाचच फेऱ्यांची असेल तर थांबलेलं बरं. दहा सेकंद जलद असला तर आत्ताच्या आत्ता आत.

आणि दुसऱ्या टायरचा वेग कळायचा एकच खात्रीचा मार्ग, कुणीतरी तो लावलेला असणं. म्हणून सगळ्या पिटवॉली आधी बळीचा बकरा कोण होतो याची वाट बघतात. त्याचे पहिल्या सेक्टरचे (फेरीच्या पहिल्या भागाचे) आकडे हिरवे झाले, म्हणजे वेळ सुधारली, की एका फेरीत दहा गाड्या आत.

---

जुना भिडू

अक्षांश, झकास. यात पुढे असणाऱ्याची अडचण जोडा. मागच्याला मोकळीक असते, पुढचा जे करेल त्याच्या उलट करायची. पुढच्याला मात्र आधी बोलावं लागतं.

सोची २०२१ घ्या. नॉरिसचा पहिला पोल, पहिला विजय समोर, मागे हॅमिल्टन, आणि सहा-सात फेऱ्या उरलेल्या असताना पाऊस. हॅमिल्टनलाही आत यायचं नव्हतं. पहिल्यांदा बोलावलं तर आला नाही, पुढच्या फेरीत टीमने जोर केला तेव्हा आला. नॉरिसने रेडिओवर नाही म्हटलं आणि टीमने ऐकलं. दोन फेऱ्यांत त्याची गाडी बर्फावर असल्यासारखी फिरली आणि तो सातवा. हॅमिल्टनचा १००वा विजय. म्हणजे पिटवरून, ड्रायव्हरला ट्रॅक कळतो हे खरं, पण त्याला आत्ताचा ट्रॅक कळतो. पाच मिनिटांनंतरचा नाही.

---

पिटवरून

हा मुद्दा मान्य. इंटरलागोसला पाऊस ओसरत होता म्हणून ड्रायव्हरचं ऐकणं बरोबर ठरलं, सोचीत वाढत होता म्हणून चूक. म्हणजे अक्षांशचा नकाशा आणि ड्रायव्हरची बैठक, सीटवर बसून अंगाला लागणारा अंदाज, दोन्ही लागतात. पण मग बटनचं काय? ऑस्ट्रेलिया २०१० ला सगळ्यांच्या आधी स्लिक घेतले, बाहेर पडल्या पडल्या ट्रॅकवरून घसरला, सगळे हसले, आणि जिंकला. इंटरलागोसला उलट, सगळे आत गेले तरी हा बाहेर, आणि जिंकला. अशी दोन टोकं एकाच माणसाला जमतात म्हणजे बैठकीत दम आहे.

---

रश्मी_लंडन

२०२५ च्या सिल्व्हरस्टोनला मी स्टँडमध्ये होते, म्हणून लिहिते. पाऊस आला तेव्हा बाजूच्या माणसाचा चेहराही दिसेना. गाडीचा नुसता आवाज यायचा, मग मागचा लाल दिवा, मग गाडी. सगळी जनता हॅमिल्टन-नॉरिसच्या टोप्या घालून, आणि मोठ्या पडद्यावर हल्केनबर्गची हिरवी सॉबर तिसरी दिसायला लागली तेव्हा आधी लोकांना वाटलं हे पिट-स्टॉपच्या गडबडीत आलेलं आहे, जाईल खाली.

गेली नाही. १९व्या जागेवरून सुटला होता. मुख्य सर कोसळायच्या जरा आधी ताजे इंटर घेतलेले. स्ट्रोल तिसरा होता त्याला ट्रॅकवर मागे टाकलं. शेवटी हॅमिल्टन मागे लागलेला, तो स्लिकसाठी एक फेरी आधी आत गेला आणि ओल्यात चाचपडला. हल्केनबर्ग एक फेरी थांबून गेला. पिटवरून, तुमचं २०१२ तेच, नाही का? त्यावेळी बरीच वाट बघितली, यावेळी एकच फेरी.

करंडक मात्र लेगोचा होता. १५ वर्षं वाट बघून लेगो! आणि सॉबरकडे शॅम्पेनच नव्हती म्हणे, शेजारच्या टीम्सनी दिली.

---

तेजू

लेगो 🤣🤣

मग स्ट्रोल म्हणजे अ‍ॅस्टन मार्टिन, म्हणजे जॉर्डनवाल्यांचाच कारखाना की! भिडूकाका, तुमच्या लाडक्या टीमचं पोडियम हल्केनबर्गने नेलं.

---

जुना भिडू

नेलं ना! त्यांनीच शिकवलेलं त्यांच्यावरच उलटलं.

तसं याआधी इस्तंबूल २०२० मध्येही स्ट्रोलच्या हातून निसटलं. ओल्यात पोल, ३० फेऱ्यांच्या वर पहिला, इंटरचा दुसरा सेट चढवला आणि घसरत घसरत नववा. पेरेझ त्याच टीमच्या तशाच गाडीत, एकच सेट जवळपास ५० फेऱ्या चालवून दुसरा. हॅमिल्टननेही तेच करून सातवं विजेतेपद घेतलं, इंटर झिजून गुळगुळीत झाले आणि सुकत्या ट्रॅकवर स्लिकसारखे चालायला लागले. म्हणजे तिथे उत्तर होतं, काहीच करू नका. पिटवरून, हा एक पॉइंट तुमच्या खात्यात. पेरेझ आणि स्ट्रोलची पिटवॉल एकच होती.

---

मंदार_ठाणे

नुसत्या गुणगानाचा धागा होतोय म्हणून सांगतो, हॉकेनहाइम २०१९ विसरू नका. पाऊस येऊन-जाऊन, हल्केनबर्ग रेनॉमधून पुढच्या चौघांत, आणि शेवटच्या वळणाबाहेरच्या ड्रॅग-स्ट्रिपवर (सरळ रेषेतल्या शर्यतींच्या पट्टीवर) घसरून भिंतीत. तो भाग ओला झाला की तेल ओतल्यासारखा होतो. लेक्लेर्कही तिथेच गेला होता, हॅमिल्टनही. त्या दिवशी क्व्यात तिसरा आला! पोडियम अगदी हाताशी होतं.

---

पिटवरून

मंदार, ते विसरणं शक्य नाही, तेव्हा टीव्ही बंद करून झोपलो होतो.

त्यावर माझं उत्तर असं की ट्रॅक वाचणं आणि शेवटपर्यंत गाडी सरळ ठेवणं, ही दोन वेगळी कामं. इंटरलागोसला पहिलं जमलं, दुसरं हॅमिल्टनच्या चाकात अडकलं. हॉकेनहाइमलाही तेच. सिल्व्हरस्टोनला दोन्ही जमलं. लॉटरीवाले भाऊ हा धागा वाचत असतील तर त्यांनी यावर बोलावं, मी आहे इथेच.

---

घाटवळण

ते नाही यायचे. तोवर कुणीतरी कॅनडा २०११ वर लिहा. चार तास, बटन सहा वेळा पिटमध्ये, एकदा शेवटच्या क्रमांकावर, आणि अखेरच्या फेरीत फेटेल घसरला. त्याला वेगळा धागा लागेल.

---

गोदावरी

काढा, मी वाचायला बसलेच आहे. आता इंटर म्हणजे काय ते विचारणार नाही. 🙂